टीनाचा फोन वाजेनासा झाला

साकोलीत हायवेवरून आत वळलं की निकेशचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान लागतं आणि दुकानाच्या मागं त्याचं घर. त्या घराच्या मधल्या खोलीत, तांदळाच्या भरल्या कट्ट्यांना पाठ लावून, निकेशची बायको टीना काम करते. लोक म्हणतात, घरी बसून काम करते. या वाक्यातले 'घरी' आणि 'बसून' हे दोन शब्द लोकांना स्वच्छ ऐकू येतात. 'काम करते' हे पुढचं मात्र कुणाच्या कानात शिरत नाही. गॅसवाला आला, बोलवा टीनाला. शेजारणीच्या पोराचा कॉलेजचा अर्ज भरायचाय, टीना घरीच हाये ना. दुकानात निकेशला कुणी बिल मागितलं की तोही मागच्या दारातून हाक मारतो. सासूबाई चंद्रभागाबाई तर दळण टाकायला जाताना तिला सांगून जातात, "दूध उतू जाऊन राहिलं काय पाहजो, तू बसलीच हायेस त." टीना उठते, गॅस बंद करते आणि परत येऊन बसते. मघाशी डोक्यात काय चाललं होतं ते तोवर गेलेलं असतं.

टीना नागपूरच्या एका कंपनीत आहे. ही कंपनी कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे डबे बनवते. राईस मिलमध्ये, पतसंस्थेत, कापडाच्या दुकानात कोपऱ्यात उंचावर कॅमेरा असतो आणि मालकाच्या खुर्चीमागं एक काळा डबा गुरगुरत असतो, तो हा. डब्यात हार्ड डिस्क असते आणि त्या डिस्कवर कंपनीनं स्वतः लिहिलेली फाइल सिस्टीम. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. ज्यानं धानाचं वावर पाहिलंय त्याला ती कळेल. वावर सलग नसतं, बांध घालून त्याच्या बांध्या पाडलेल्या असतात. डिस्कच्याही तशाच बांध्या असतात, सगळ्या एका मापाच्या. त्यांना ब्लॉक म्हणायचं. कोणतं चित्रण कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, कोणता ब्लॉक रिकामा आहे, हा सगळा कारभार पाहते ती फाइल सिस्टीम.

या कारभारात उठता-बसता एकच काम लागतं, ते म्हणजे अमका ब्लॉक वाचून आणणं. त्याचा नंबर डिस्कच्या हद्दीत आहे का ते पाहायचं. मेमरीत जागा मागून घ्यायची. ब्लॉक वाचायचा, पूर्ण आला का ते बघायचं. लिहिताना त्याच्या शेपटीला जो ताळा, म्हणजे आतल्या आकड्यांचा पडताळा, लिहून ठेवलेला असतो तो जुळतो का ते तपासायचं. आणि काही बिघडलंच, तर मागून घेतलेली जागा परत करून निमूट बाहेर पडायचं. शहाण्या माणसानं हे एकदाच लिहिलं असतं आणि ज्याला ज्याला ब्लॉक हवा त्यानं तिथून मागितला असता. पण कंपनी घाईघाईत उभी राहिली होती. पहिल्यानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं आणि आपल्या फाइलीत डकवलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं उचललं. फोल्डर वाचणाऱ्या भागात एक प्रत, चित्रण वाचणाऱ्या भागात एक, रिकाम्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या भागात एक, बिघडलेली डिस्क दुरुस्त करणाऱ्या भागात आणखी एक. ज्यांनी हे डकवलं ते एकेक करून पुण्या-हैदराबादेकडे निघून गेले. मागं उरली टीना, आणि उरलेल्या माणसाच्या गळ्यात सगळं पडतं.

आता या प्रती सारख्या राहिल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येकीला निराळ्या माणसानं निराळ्या दिवशी ठिगळ लावलं होतं. एकीत हद्दीचा हिशेब चुकलेला होता, ती डिस्कच्या शेवटाच्या पुढचा ब्लॉक मागायची. एकीत बिघाड झाला की मागून घेतलेली जागा परतच केली जात नसे, शेजारणीची कढई नेऊन न देणाऱ्या बाईसारखी. मग डबा काही दिवस चालायचा आणि मेमरी संपून गप्प बसायचा. एका जागची चूक सुधारली तरी ती बाकीच्या जागी तशीच. गिऱ्हाईक ओरडलं की ऑफिसातली पोरं भलतीच प्रत सुधारून ठेवत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोणती प्रत कुठं सडली आहे हे फक्त टीनाला ठाऊक होतं. म्हणून कुठलाही डबा अडकला की फोन टीनाला यायचा. पोळी तव्यावर असताना यायचा, लेकीच्या, गुड्डीच्या, शाळेत पालकसभेला बसली असताना यायचा, नणंदेच्या लग्नात अक्षता हातात असतानाही आला होता. फोन तिच्या पाचवीलाच पुजलेला होता म्हणा ना.

टीनाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. वाटेनासं होणं हाही थकव्याचाच एक प्रकार असतो. तिला जाग आणली ती तिच्या आईच्या डोळ्यानं.

टीनाची आई आनंदाबाई पवनी तालुक्यातल्या आसगावात एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शेती बटईनं दिलेली, आणि टीना ही एकुलती एक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेले. डॉक्टर म्हणाले, एक डोळा आता उन्हाळ्यात करू, दुसरा धान निघाल्यावर. पहिल्या डोळ्याला टीना भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली होती, आसगावची शेजारीण सीताबाईही सोबत होती. आनंदाबाईंना आत नेलं आणि टीनाचा फोन वाजला. ऑफिसातला कुलदीप बोलत होता. पोरगा नवा, मेहनती आणि कायम घाबरलेला.

"मॅडम, डबा अटकला एका गिऱ्हाइकाचा. फाइल दिसून राहिल्या, पण उघडत नाहीत. मी फोल्डरवाल्यात पाहिलं, तिथं सगळं बरोबर आहे."

"फोल्डरवाल्यात नाही रे, चित्रणवाल्यात बघ," असं म्हणत टीना आवाजासाठी जिन्याच्या टोकाशी गेली. कोणती ओळ, कोणती अट, काय बदलायचं, हे सांगता सांगता तिला वेळेचं भान राहिलं नाही. परत आली तेव्हा आनंदाबाई बाहेर आलेल्या होत्या. डोळ्यावर पट्टी, एक हात हवेत चाचपडत पुढं केलेला, आणि तो हात सीताबाईनं धरलेला.

गावाकडे परत जाताना एसटीत खिडकीशी बसल्यावर आनंदाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याच्या वक्ती तो फोन सासरी ठेवून ये वो बाई. नाई जमत असन त नोको येऊ. सीताबाई हायेच."

आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर टीनानं उत्तर दिलं असतं, मायलेकींची दोन घटका बोलाचाली झाली असती आणि विषय मिटला असता. पण 'सीताबाई हायेच' हे त्यांनी जसं म्हटलं, जसं कुणी घरात मीठ आहे म्हणून सांगावं, ते टीनाच्या जिव्हारी लागलं. तिनं त्या एसटीतच मनाशी ठरवलं की दुसऱ्या डोळ्याला आपण आईजवळ असू, नंतर आठ दिवस आसगावात राहू, आणि तेवढ्या दिवसांत हा फोन वाजणार नाही. फोन बंद ठेवून चालणार नव्हतं, डबे अडकतच राहिले असते. फोन येण्याचं कारणच संपवायला हवं होतं. या सगळ्या प्रती काढून टाकायच्या, ब्लॉक वाचण्याचं काम एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे हाक मारली की ते काम करून देणाऱ्या एकाच तुकड्यात, आणायचं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. मग चूक निघाली तरी ती एकाच जागी निघेल आणि कुलदीपलाही सापडेल.

तिचे साहेब अतुल सर यांना हे पटवण्यात पावसाळा तोंडावर आला.

"टीना मॅडम, चालतंय ना सगळं? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?"

"चालत नाहीये सर. मी चालवतेय."

यावर सरांनी परवानगी दिली, पण एक अट घातली की बाहेरून काहीही बदललेलं दिसता कामा नये. डबा आधी जसा वागत होता तसाच नंतर वागला पाहिजे. म्हणजे काम नीट झालं तर ते कुणाला कळणार नाही आणि बिघडलं तर सगळ्यांना कळेल. टीनाला हा नियम नवा नव्हता. सासरी आल्यापासून ती तोच पाळत होती. भांडी घासलेली कुणाला दिसत नाहीत, न घासलेली दारातून दिसतात.

रोवणीच्या दिवसांत ती कामाला लागली. बाहेर सारा गाव चिखलात उतरलेला आणि ही खोलीत दुसऱ्यांचा चिखल उपसत बसलेली. एकेक प्रत उघडायची, शेजारी दुसरी ठेवायची, ओळीवर ओळ धरून फरक पाहायचा. हा फरक कुणी मुद्दाम केलाय की विसरून राहिलाय? लिहिणारा गेलेला, विचारायचं कुणाला? बहुतेक फरक विसरूनच राहिलेले असत. कुणी नाव बदललेलं, कुणी अट उलटी लिहिलेली, कुणी वर 'नंतर बघू' असं लिहून ठेवलेलं आणि ते नंतर कधी उजाडलंच नव्हतं. तिनं एक फंक्शन लिहिलं, त्यात सगळ्या तपासण्या नीट बसवल्या आणि एकेका भागातली जुनी प्रत काढून तिथं या नव्याला हाक मारणारी एकच ओळ ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक भाग बदलला की डबा चालवून बघायचा, मगच पुढचा. मधेच दार वाजायचं. मधेच गुड्डी यायची, "आई, भागाकार समजाव." भागाकार समजावून झाला की टीना आपल्या ओळीकडे पाहत राहायची आणि आपण अट तपासली होती की तपासणार होतो, हे तिला आठवायचं नाही. मग पहिल्यापासून. येरे माझ्या मागल्या.

एकदा चंद्रभागाबाई चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आज काय लिवलं वो?"

"लिवलं नाई आई, खोडलं. दोनेकशे ओळी काढून टाकल्या."

"खोडाचा बी पगार देते काय तुही कंपनी?" सासूबाईंनी मनापासून विचारलं. मग तिचा चेहरा पाहून म्हणाल्या, "चहा पेय. डोळे कसे खोल गेले, पाह्य, तुहे."

त्या माउलीला टोमणा मारायचा नव्हता. पण त्या दिवशी टीनाला वाटलं की आपण जन्मभर खोडतच आलो. दिवसभर राबायचं आणि शेवटी दाखवायला काय, तर काही नाही, जागा साफ आहे.

दसऱ्यापर्यंत बहुतेक सगळे भाग झाले. शेवटी राहिला दुरुस्तीचा भाग. डिस्क खराब व्हायला लागली की हा भाग तिच्यावरून फिरतो आणि जे वाचतंय ते वाचवून काढतो. त्यातली प्रत टीनानं उघडली तर तिच्यात ताळा तपासायची ओळच नव्हती. ब्लॉक जसा आला तसा पुढं दिलेला. टीना तोवर इतकी थकली होती आणि दुसऱ्यांच्या आळसाच्या इतक्या खुणा तिनं पाहिल्या होत्या की तिला हाही आळसच वाटला. "तपासायचं सोडूनच दिलं गड्यानं," असं स्वतःशी म्हणून तिनं ती प्रत काढली आणि तिथंही नव्या फंक्शनची ओळ ठेवली. डबा चालवून पाहिला, चालला. आता सगळे एका रांगेत आले. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं, तिनं गुड्डीसाठी मुद्दाम साखरेच्या पुऱ्या केल्या.

पुऱ्या पचायच्या आत फोन आला. एका राईस मिलचा डबा ऑफिसात आला होता, डिस्क मरायला टेकलेली. मिलच्या फाटकावर ट्रक उलटला होता आणि त्याचं चित्रण मालकाला हवं होतं. दुरुस्ती चालवली तर ती पहिल्याच खराब ब्लॉकशी थांबली आणि 'ताळा जुळत नाही' म्हणून परत आली. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. जुन्या दुरुस्तीनं हीच डिस्क, तुटक तुटक का होईना, वाचली असती.

टीनाच्या लक्षात आलं. दुरुस्तीकडे येणारी डिस्क खराबच असणार. तिचा ताळा जुळत नाही म्हणून तिला परत पाठवायचं, म्हणजे डॉक्टरनं दारातल्या माणसाला 'तू आजारी आहेस, घरी जा' म्हणण्यासारखं झालं. ज्यानं ती ओळ लिहिली नव्हती त्यानं ती समजून उमजून लिहिली नव्हती. हिनं शहाणपण करून तिथं आपला नियम बसवला.

अतुल सरांनी फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं. "म्हणूनच मी म्हणत होतो," हे वाक्य त्यात तीनदा आलं. चूक तिची होती आणि भांडायला अंगात त्राण नव्हतं.

मग तिनं ते एक फंक्शन फोडून दोन केली. पहिलं नुसतं ब्लॉक वाचून आणायचं, जसा असेल तसा. दुसरं पहिल्याकडून ब्लॉक मागायचं आणि ताळा तपासून मगच पुढं द्यायचं. बाकीच्या भागांना दुसरं दिलं, दुरुस्तीला पहिलं. आणि या वेळी वर चार ओळींत स्वच्छ लिहिलं की इथं तपासणी मुद्दाम नाही, कारण अमुक. त्या मिलचं चित्रण तुटक तुटक निघालं, ट्रक पुरता उलटलेला दिसला, मालक खूश झाला. टीनाचं नाव त्यात कुठं आलं नाही आणि तिलाही ते नको होतं. तिनं काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या प्रती पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासल्या, या वेळी प्रत्येक फरकाला मान देऊन. दिवाळी आली आणि गेली, तिला फराळ कसा झाला तेही आठवत नाही.

त्यानंतर फोन कमी झाले. आधी कमी, मग तुरळक. एकदा कुलदीपचा संदेश आला, "मॅडम, एक चूक सापडली होती, मीच सुधारली. एकाच जागी होती. फक्त सांगून ठेवतो." टीनानं अंगठा पाठवला. मग फोन हातात धरून ती बराच वेळ बसली. घरात कुकर, बाहेर ट्रकांचे भोंगे, आणि फोन शांत. दोन-तीन वेळा तिनं रेंज आहे का ते बघितलं. रेंज होती.

धान निघालं आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. या खेपेला आनंदाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा हात टीनानं धरला. लॅपटॉप साकोलीला कपाटात होता. फोन पिशवीत होता, तो दिवसभर वाजला नाही. आईला घेऊन ती आसगावला आली, आठ दिवसांसाठी. लग्नानंतर माहेरी आठ दिवस ती पहिल्यांदाच राहणार होती.

पहिल्या दिवशी तिनं घर आवरायला काढलं. आवरण्याजोगं होतंच ते. काडीपेटी चुलीजवळ एक, देवाजवळ एक, न्हाणीच्या वळचणीला एक. मिठाचे दोन डबे, एक इकडे, एक तिकडे. चहाची पत्ती तर तीन ठिकाणी. टीनानं सगळं गोळा केलं, फळी पुसली, एका फळीवर एका जातीची वस्तू एकदाच, असं लावून ठेवलं. आनंदाबाई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खाटेवर पडल्या होत्या आणि डब्यांचे आवाज ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीना पाणी भरून आली तर आई चुलीपुढं बसलेली आणि तिचा हात भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात फिरत होता.

"काडीपेटी कोठी नेली वो?"

टीना घागर घेऊन तशीच उभी राहिली. डोळ्यांना दिसेनासं झालं तशा आनंदाबाईंनी जिथं हात पोचेल तिथं वस्तू ठेवल्या होत्या, आणि एक डोळा झाल्यावरही हाताची सवय तीच राहिली होती. बसल्या जागी चूल पेटावी, अंघोळीला गेल्यावर बंब पेटावा, दिव्याशी उभं राहून दिवा लागावा. दिवाळीच्या तोंडावर जी चूक एवढी महागात पडली तीच इथं आठ दिवसांची पाहुणी होऊन आपण केली, या विचारानं तिला स्वतःचाच राग आला. तिनं सगळ्या वस्तू आठवून आठवून होत्या तिथं ठेवल्या. मिठाचा एक डबा कुठला ते आठवेना. तो आईनंच हातानं जागा दाखवून ठेवून घेतला.

मग तिनं आवरणं सोडलं आणि आईजवळ बसू लागली. पण डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की सीताबाई बोलावल्याविना हजर. भाकरी सीताबाईच्या सुनेकडून यायची. दूध बटईवाला टाकून जायचा. टीना उठायची तोवर ते झालेलं असायचं. "राहू दे, तिचा हात बसला हाये," आनंदाबाई म्हणायच्या आणि सीताबाईच्या आवाजाकडे तोंड वर करायच्या.

फोन कोनाड्यात पडून होता. आनंदाबाई सकाळी विचारायच्या, "फोन नाई आला?" टीना हसून सांगायची, "नाई माय." दुपारी पुन्हा, "आला होता काय फोन?" तिला वाटलं, आईला बरं वाटत असेल, तेच पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत असेल.

चौथ्या दिवशी दुपारी सीताबाई थेंब घालून झाल्यावर टेकली आणि म्हणाली, "काय वो टीना, सुट्टी देल्ली काय कंपनीनं? तुही माय त सांगत असते, आमच्या टीनाबिगर त्या कंपनीचं पानबी हालत नाई. घास तोंडात असते तरी फोन येते म्हने."

टीनानं आईकडे पाहिलं. आनंदाबाईंनी भिंतीकडे मान वळवली होती.

सीताबाई गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "काढलं काय तुले? खरं सांग. मी कोनाले नाई सांगत."

"काढलं नाई वो माय." टीना खाटेच्या कडेला बसली. "ते काम मी असं करून ठेवलं का आता कोनालेबी करता येते. पयले माह्याशिवाय कोनाले समजत नोतं, म्हनून फोन ये. आता समजते. म्हनून नाई येत."

आनंदाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुह्याबिगर चालते आता."

"हो," टीना म्हणाली. इतके महिने ज्यासाठी ती राबली होती ते हेच होतं. आईच्या तोंडून ते ऐकताना मात्र तिला आपलं काहीतरी हरवल्यासारखं झालं. "पन तूच त म्हनलं होतं, फोन ठेवून ये म्हनून. तुह्यासाठीच केलं मी."

"म्हनलं होतं." आनंदाबाई थोडा वेळ पदराचा काठ चाचपत राहिल्या. "लोकं पुसतेत ना वो. पोरगी काहून येत नाई म्हनून. सनाले नाई आली, मी पडली होती तवा नाई आली. मी सांगो, कशी यीन, फोन येतेत तिले पुऱ्या दुनियेतून, तिले उठता येत नाई. लोकायले पटे ते. मलेबी पटे."

टीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी परत जायचं होतं. पुढं गुड्डीची परीक्षा होती, चंद्रभागाबाईंचे गुडघे होते, दुकानाचा हंगाम होता, आणि त्यातलं एकही काम कुठल्या फंक्शनमध्ये घालून कुणाला देता येणारं नव्हतं. फोन होता तेव्हाही ती येत नव्हती आणि फोन नसतानाही तिला फारसं येणं व्हायचं नाही, हे तिला त्या खाटेवर बसल्या बसल्या स्वच्छ कळलं. तिला फार थकल्यासारखं वाटलं.

"आता कोनी पुसलं त काय सांगू?" आनंदाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सांग, येत जाईन म्हनून."

"हो," आनंदाबाई म्हणाल्या, आणि पट्टी न बांधलेला डोळाही त्यांनी मिटून घेतला.